कासवाचं हसू

स्टुडिओत तिला सगळे मास्तरीण म्हणत, कारण चेहऱ्यांच्या चुका काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पडद्यावरची भुवई जराशी आधी उचलली गेली तरी तिला खुपायचं. संगणकावर चेहरे हलवायचे तर आधी खरे चेहरे बघावे लागतात, आणि ती कुठेही बघत बसायची. लिफ्टमधले लोक ओशाळून मान फिरवायचे.

सध्याच्या सिनेमात तिच्या वाट्याला एक म्हातारं कासव आलं होतं. आता कासवाला अभिनय आणायचा कुठून? घरातून! संध्याकाळी ती फोन टेबलावर उभा करायची, सासरे त्यापुढे बसून कासवाची वाक्यं म्हणायचे, आणि तोच अभिनय ती दुसऱ्या दिवशी कासवाच्या चेहऱ्यावर उतरवायची. सासऱ्यांना आभाळ ठेंगणं झालं होतं. शेजाऱ्यांना सांगायचे, "हिरो आहे मी. कासव असलो म्हणून काय झालं!"

त्या दिवशी दिग्दर्शकाने तिचा शॉट पुन्हा परत पाठवला. गृहस्थ उंटावरून शेळ्या हाकणारा, त्यामुळे ती भांडायच्या तयारीनेच त्याच्या खोलीत शिरली.

"कासव आजारी वाटतंय," तो म्हणाला. "हसतं तेव्हा तोंडाची डावी बाजू मागे राहते."

"दोन्ही बाजू एकदम हलल्या तर चेहरा मेलेला दिसतो. हे मी सांगायला हवं का?"

"थोडं मागेपुढे ठीक आहे गं. हे लोंबतंय."

"मी पदरचं काही घातलेलं नाही. समोर होतं तेच उतरवलंय." तिने तावातावाने सासऱ्यांचा व्हिडिओ लावला.

सासरे हसले. उजवा गाल वर गेला. डावा जागचा हलला नाही, ओठाचा कोपरा तेवढा थरथरला.

"कोण आहेत हे?" दिग्दर्शकाने हळूच विचारलं. तिने व्हिडिओ बंद केला आणि ती तशीच खोलीबाहेर पडली.

जागेवर येऊन तिने अगदी सुरुवातीचा व्हिडिओ शोधून काढला. तीच खुर्ची, तेच वाक्य आणि तोंडभर हसू. दोन्ही शेजारी शेजारी लावले, थांबवले, पुन्हा लावले. तिला बसवेना की उभं राहवेना. पाणी प्यायला गेली आणि न पिताच परत आली. मध्यंतरी सासऱ्यांनी मिशी वाढवली होती, तेव्हा घरात त्यांची यथेच्छ टिंगल झाली होती. ते चहासुद्धा हल्ली तोंडाच्या उजव्या बाजूने प्यायचे. तो उजवीकडचा घोट तिने कासवाला देऊन टाकला होता आणि "वा, काय बारकावा!" म्हणून शाबासकीही मिळवली होती. म्हणजे तिने सगळं पाहिलं होतं, जसंच्या तसं उतरवलं होतं, विचारलं मात्र नव्हतं. तिला स्वतःचाच राग आला.

नवरा दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांची तोंडं बघून घरी आला की कोणाच्या तोंडाकडे बघत नाही, अशी ती त्याची थट्टा करायची. आज तिने फोन केला तर तो हसला.

"अगं, वय झालंय बाबांचं. तू जरा सिनेमातून घरात ये बघू."

"तूच घरी ये. आत्ताच्या आत्ता," एवढं बोलून तिने फोन ठेवला.

वाटेत तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. टॅक्सीवाल्याने हसून पत्ता विचारला, तर ती पत्ता सांगायचं सोडून आरशात त्याचे गाल तपासत राहिली.

सासरे शब्दकोडं सोडवत बसले होते. "आज एवढ्या लवकर? शूटिंग आहे वाटतं!" म्हणत ते लगेच टेबलापाशी येऊन बसले.

"हो बाबा. तो हसायचा शॉट पुन्हा हवाय."

त्यांचा उत्साह सर्रकन उतरला. "तो नको. रडायचा घे एखादा."

"एकदाच, बाबा."

"हसू येत नाही म्हटलं ना आज!"

सुनेवर त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता. तेवढ्यात नवरा दार ढकलून आत आला, कुरकुरतच. "पेशंटला ताटकळत ठेवून आलोय. आता बोल!"

तिने काही न बोलता दोन्ही व्हिडिओ त्याच्यासमोर धरले. त्याला दुसऱ्यांदा बघायची गरज पडली नाही. गाडीची किल्ली मुठीत तशीच धरून तो वडिलांपुढे वाकला आणि दुसऱ्या हाताने त्याने त्यांची हनुवटी उचलली, पेशंटची उचलतो तशी.

"बाबा, दात दाखवा."

सासऱ्यांनी एकदा सुनेकडे बघितलं. मग दात दाखवले. अर्धेच दिसले.

"कधीपासून आहे हे?"

"महिना होत आला असेल."

"आणि बोलला नाहीत?"

"आरशात रोज बघत होतो रे," सासरे म्हणाले. "तुम्ही दोघं रोज माझ्यासमोर बसून जेवता. ती चेहरे बघायची नोकरी करते, तू तोंडं बघायचा दवाखाना चालवतोस. दोघांपैकी एकही काही बोलेना. मग म्हटलं, नसेलच काही."

मुलगा ताडकन सरळ झाला आणि गाडीची किल्ली शोधू लागला. टेबलावर पाहिली, खिशात पाहिली, शब्दकोड्याखाली पाहिली. ती त्याच्या मुठीतच आहे हे तिला दिसत होतं, पण सांगायला तोंड उघडेना.