मला होलिसचा म्हणू नका

मी एक जुना गळ आहे, मित्रांनो. गळ म्हटल्यावर तुम्ही मोठी थोरली आकडी डोळ्यांपुढे आणाल, तर मी तसा नाही. करंगळीच्या पेराएवढा आहे. पुढे वाटाण्याहून लहान शिशाचं डोकं, त्यातून निघालेली बारीक आकडी आणि तिच्यावर लाल दोऱ्यानं बांधलेला काळ्या केसांचा झुबका. मला गांडूळ लावावं लागत नाही. पाण्यात सोडून नुसतं हळूच हलवलं की मी जिवंत वाटतो. टेनेसीतल्या आमच्या धरणाच्या पाण्यावर मला सगळे ओळखतात, 'होलिसचा काळा' म्हणून. ते नाव ऐकलं की माझं डोकं फिरतं. शिशाचं असलं तरी फिरतं.

मला आयडेलानं केलं. होलिस प्रुएटची बायको. शेगडीवर शिसं वितळवायची ती, साच्यात ओतायची ती, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाला पकड लावून एकेक केस बसवायचीही तीच. माझे केस घरच्या काळ्या कुत्रीच्या शेपटीचे आहेत. माझ्या आधी ती सगळे गळ गुलाबी आणि पांढरे बांधायची, कारण होलिसला तेच हवे असायचे.

होलिस रात्री कंदील घेऊन क्रॅपी धरायला जायचा. क्रॅपी म्हणजे तळहाताएवढा चंदेरी मासा, अंगावर काळे ठिपके, आणि तोंड कागदासारखं पातळ. धरून आणायचा होलिस आणि सकाळी सिंकपाशी उभी राहून साफ करायची आयडेला. हजारो मासे तिच्या हाताखालून गेले. एकदा खवले काढता काढता ती थांबली.

"होलिस, या माशाचे डोळे बघितलेस का कधी?"

"मासा खायचा असतो गं, बघायचा नसतो."

"डोळे पार डोक्यावर आहेत. म्हणजे हा खाली बघतच नाही, वर बघतो. वर तुझा कंदील. उजेडापुढे त्याला गुलाबी काय नि पांढरं काय, सगळं फिकटच दिसणार. काळं धर, ते दिसेल."

"अंधारात काळं धरू? उद्या म्हणशील, बर्फात पांढरं शोध."

त्या दुपारी तिनं मला बांधलं आणि गुपचूप त्याच्या पेटीत ठेवलं.

त्या रात्री गुलाबी गळांना कुणी विचारलं नाही, म्हणून होलिसनं कंटाळून मला बाहेर काढलं. कंदिलावर किडे आले, किड्यांसाठी चिमुकल्या मासोळ्या आल्या, मासोळ्यांमागे क्रॅपी आले. मासे जमावेत म्हणून तळाशी झाडं बुडवून ठेवलेली असतात, त्यांच्या हातभर वर मी आडवा लटकत होतो. पहिल्याच सोडण्यात दोरी सैल पडली. क्रॅपी झटका देत नाही, तो वर येऊन गिळतो, म्हणून दोरी सैल पडते. कायद्यानं नेता येतात तेवढे मासे आम्ही तासाभरात धरले. बोटीत बर्ल स्टेगल होता, होलिसचा मित्र.

"हे काय लावलंयस रे?" बर्लनं विचारलं.

"बरेच दिवस डोक्यात होतं," होलिस म्हणाला.

कुणाच्या डोक्यात, ते काही त्यानं सांगितलं नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तो हा असा. महिन्याभरात धक्क्यावरच्या दुकानात माझे भाऊबंद पुठ्ठ्याला टोचून टांगले गेले, वर छापलं होतं 'होलिसचा काळा'. प्रत्येक भाऊ आयडेलानंच बांधलेला.

तिला एकदा तरी रात्री पाण्यावर यायचं होतं. आपला गळ खाली कसा दिसतो ते बघायचं होतं. होलिस म्हणायचा, "बाई बोटीत आली की बोलत बसते, मासा पळतो." आणि बर्ल रात्रभर बोटीत बसून आपल्या पित्ताशयाची कहाणी सांगायचा, तेव्हा एकही मासा पळायचा नाही.

अशी एकोणीस वर्षं गेली. मग धक्क्यावरच्या मंडळानं होलिसचा सत्कार करायचं ठरवलं. मोठ्या कढया, तळलेले मासे, मक्याच्या पिठाचे गोळे, कोबीची कोशिंबीर, सगळा गाव जमणार. निघताना आयडेला त्याला म्हणाली, "माझं एक काम कर. एवढंच सांग की बांधते कोण. एकच वाक्य."

"सांगतो ना. आधी हा टाय नीट कर."

मी त्याच्या टोपीला टोचलेला होतो, त्यामुळे सगळं मला समोर दिसत होतं. आयडेला कढईपाशी. होलिस माईकपाशी. दहा मिनिटं तो स्वतःबद्दल बोलला. मग म्हणाला, "आणि हे सगळं जिच्यामुळे झालं, तिचं नाव घेतलं पाहिजे." आयडेलानं झारा खाली ठेवला, हात पुसले.

"माझी बायको. या जिल्ह्यात तिच्यासारखे मासे कुणी तळत नाही."

टाळ्या पडल्या. आयडेलानं झारा परत उचलला. घरी गेल्यावर तो म्हणाला, "आयत्या वेळी विसरलो गं." ती म्हणाली, "माझंच बरोबर विसरतोस." तिनं टेबलाची पकड सोडवून फडक्यात गुंडाळली आणि नंतर एकही गळ बांधला नाही. होलिसनं स्वतः करून बघितले. त्याचे गळ पाण्यात गोल गोल फिरायचे. दुकानातला पुठ्ठा रिकामा झाला, बाकीचे बुडवलेल्या झाडांत अडकून तुटले, आणि शेवटी मी एकटा उरलो.

पुढे त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. कंदिलाच्या उजेडात त्याला माझ्या भोकात दोरी ओवता येईना. तेव्हा त्याला बायको आठवली.

"चलतेस का आज?"

ती गेली. मी तिच्यावर चिडत नाही, मीही गेलोच असतो. तिनं गाठ मारली, गाठ ओढून वरच्या बाजूला आणली आणि मी अगदी आडवा झालो. होलिस दोरी सैल पडली की हिसका द्यायचा, माशाचं पातळ तोंड फाटायचं. तिनं नुसतं मनगट उचललं. पहिला मासा आला तेव्हा ती हसली, तिला तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पाण्यावर वाकून ती माझ्याकडे बघत होती. "काळा दिसतो रे," ती म्हणाली, "खरंच दिसतो." मला काय वाटलं ते सांगता येत नाही. तिनं अकरा मासे धरले.

बारावा लागायच्या आत बर्लची बोट जवळून गेली. "काय होलिस, आज घरचं माणूस बरोबर?"

इतक्या वर्षांनंतर ही संधी त्याला फुकट मिळाली होती. अंधारात, एकाच माणसापुढे, माईकसुद्धा नव्हता.

"शिकवतोय थोडं थोडं," होलिस म्हणाला.

आयडेलानं दोरी गुंडाळली, मला सोडवलं आणि स्वतःच्या स्वेटरला टोचून घेतलं. "घरी चल," एवढंच ती म्हणाली.

पुढच्या मार्चमध्ये होलिस गेला. आमच्याकडे नवराबायकोला थडग्याचा दगड एकच असतो. दोघांची नावं शेजारी शेजारी कोरतात. जो मागे राहतो त्याचं जन्मसाल घालतात आणि पुढची मृत्यूसालाची जागा मोकळी ठेवतात. दगड कोरणाऱ्या यारब्रोकडे आयडेला मला घेऊन गेली. तो तिला आदरानं मिस म्हणायचा, आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही तसंच म्हणतात.

"होलिसच्या नावाखाली हा गळ ना, मिस आयडेला?" त्यानं विचारलं. "सुंदर दिसेल. आणि तुमच्या बाजूला? बहुतेक बायका गुलाब घेतात."

"गळ माझ्या बाजूला," ती म्हणाली. "त्याच्या बाजूला मासा कोरा. मासे त्यानं धरले. गळ मी बांधलेत. सगळेच्या सगळे."

यारब्रो वाईट माणूस नाही. त्यानं टोपी काढली, खुर्ची पुढे केली. "बसा जरा. शेवटी शेवटी तुम्ही पुष्कळ मदत केली असणार त्यांना."

"मदत नाही. मी बांधले," ती म्हणाली. तो मान हलवत राहिला आणि त्यानं तिला पाणी आणून दिलं.

जूनमध्ये दगड बसला. आयडेला बघायला गेली, मी तिच्या कोटावर होतो. होलिसच्या नावाखाली मी होतो, वीतभर लांब, केस न् केस कोरलेला. तिच्या नावाखाली गुलाब होता.

यारब्रो हळू आवाजात म्हणाला, "त्या दिवशी तुमचं मन ठिकाणावर नव्हतं, मिस आयडेला. गळ स्वतःच्या बाजूला सांगितला होता तुम्ही. मी सुधारून घेतलं, तुम्हाला गुलाब घातला. मनाला लावून घेऊ नका."

तिनं दगडावरच्या गळावरून बोट फिरवलं. "काम चांगलं केलंत," ती म्हणाली, आणि गाडीकडे चालू लागली.

मित्रांनो, शेवटी आमच्यासारख्या वस्तूंनी 'आमची निगा राखा' असं सांगायची रीत आहे. मी सांगणार नाही. माझी निगा उत्तम राखली गेली. होलिस मला दर वेळी पुसून आकडीला तेलाचं बोट लावायचा. तुम्हीही वस्तू जपताच. वस्तू कुणी केली ते मात्र विचारत जा, आणि करणारी सांगेल ते खरं धरा. आयडेला अजून आहे, त्याच घरात राहते. दगडावर तिच्या जन्मसालापुढची जागा अजून मोकळी आहे, तोवर कुणीतरी जाऊन विचारा.