ठमाबाईंचा आत्मस्वर

सभागृहात मुंगीला वाट मिळणार नाही, अशी गर्दी लोटली होती. व्यासपीठावर नादमहाराज आणि त्यांच्यापुढे रेशमी आसनावर लॅपटॉप. भाविकाने नाव सांगावे, महाराजांनी ते टंकावे, की त्या यंत्रातून त्याच्या आत्म्याची धून झरू लागे. महिन्यापूर्वी आलेल्याने तेच नाव पुन्हा सांगितले, तर तीच धून जशीच्या तशी वाजे. लोक सद्गदित होऊन हात जोडत.

"हे अल्गोरिदम मी लिहिलं नाही," महाराज डोळे मिटून म्हणत. "ते माझ्यातून वाहिलं. क्वांटम पातळीवर."

तिसऱ्या रांगेत हार्मोनियम दुरुस्त करणारे पेटीवाले बसले होते. शेजारी त्यांची लेक, तिच्या पलीकडे लेकीच्या होणाऱ्या सासूबाई. आठवड्यापूर्वी महाराजांनी वधूवरांच्या धुना एकत्र वाजवल्या, तेव्हा ऐकणाऱ्यांचे दात आंबले होते. "आत्मे जुळत नाहीत. आधी चाळीस दिवस नादशुद्धी, नाहीतर हे लग्न विसरा," असा निवाडा झाला आणि धास्तावलेल्या सासूबाईंनी लग्न थांबवले.

लेक रडली नाही. तिने त्या दिवशीचे ध्वनिमुद्रण वडिलांना ऐकवले. त्यांनी प्रत्येक धून स्वरांत लिहून दिली, तिने खाली नावाची अक्षरे मांडली. तिसऱ्या संध्याकाळी उलगडा झाला: प्रत्येक अक्षराला एक आकडा, प्रत्येक आकड्याला एक सूर. तिने अकरा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, आणि त्याच धुना घरच्या टेबलावर वाजू लागल्या.

"बाबा, सूर किती आहेत यात?"

"पाचच. सा रे ग प ध."

"यांच्यात भांडण होतं?"

"कसलं भांडण! पेटीवर एवढेच सूर ठेवले आणि मांजर चाललं, तरी गोडच वाजेल." एवढे बोलून पेटीवाले थबकले. त्यांनी ध्वनिमुद्रण पुन्हा लावले आणि मांडीवर थाप मारली. "जावईबापूंची धून एक पट्टी वर चढवलीय, गं. एकत्र वाजवताना फक्त. लबाडाने हाताने भांडण लावलं."

म्हणून आज लेक उभी राहिली. "महाराज, आमच्या ठमाबाईंचं नाव घालता का? आठ वर्षं घरात राबतात. हल्ली अंग फार थरथरतं."

धून वाजली. पहिल्या रांगेतील एका आजोबांनी डोळे पुसले.

"थोर जीव," महाराज म्हणाले. "मागच्या जन्मीची तपस्विनी. पोटात फार साठवून ठेवलंय हिने."

"काल पडदे होते, महाराज. ठमाबाई आमचं वॉशिंग मशीन."

मागच्या रांगेतून जे हसू फुटले, ते व्यासपीठापर्यंत खिदळत गेले. आजोबा तर डोळे पुसता पुसताच हसू लागले. लेकीने आपला लॅपटॉप उघडला आणि नवऱ्या मुलाची व ठमाबाईंची धून एकत्र वाजवली. कानात मध ओतल्यासारखी. मग त्याची आणि स्वतःची. तितकीच गोड. शेवटी त्याची धून एक पट्टी चढवली, आणि साऱ्या सभागृहाचे दात एकदम आंबले.

"श्रद्धा नसेल तिथे यंत्र बिघडतं," महाराज पुटपुटले.

"बिघडलंय कुठे?" सासूबाई ताडकन उठल्या. "तुमच्याच मशीनवर, तुमच्याच हाताने दोघांची धून आत्ता लावा. आणि बोटं आम्हाला दिसू द्या."

महाराजांनी लॅपटॉप मिटला. सासूबाईंनी लेकीचा हात धरला. "घाबरले गं मी. तारीख ठरली होती तीच राहू दे."

पेटीवाल्यांना भाषणाची सवय नव्हती. तरी ते बाकावर चढले. "नाव तेच, धून तीच, याला तुम्ही चमत्कार म्हणालात. अहो, तोच तर हिशेबाचा पुरावा! सात आणि पाच काल बारा होते, आजही बाराच. आकड्यांतून गाणं निघतं, यात आनंद आहे. ते शिका, वाजवा, मनसोक्त नाचा. पण कुणी त्यातून तुमच्या पोरांचा संसार ठरवू लागला, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: हे कसं केलंस, दाखव."