घोंगडीखालच्या आठ सॅक

तात्याबा कोळेकर शनिवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास कळंबच्या माळावर वारले. वाचकांनी ही बातमी इथंच सोडून द्यावी, कारण तसं काही घडलेलं नाही, आणि खुद्द तात्याबांनीही ती फारशी मनावर घेतली नाही.

घडलं ते एवढंच, की त्यांच्या नातवाला, म्हणजे ऋतिकला, आठ सॅक सांभाळायच्या होत्या.

ऋतिक पुण्याच्या एका ट्रेकिंग कंपनीसाठी माळावरून माणसं हिंडवायचा. चिंकारा आणि खोकड बघायला ही माणसं पाठीवर निम्मं घर घेऊन यायची. शेवटची टेकडी मात्र निसरड्या मुरमाची. ओझं घेऊन चढलं, तर चिंकारा दिसायच्या आधी डोळ्यांपुढं काजवे दिसायचे. म्हणून सॅक खाली बाभळीपाशी ठेवायच्या. पंधरा दिवसांपूर्वी तशा ठेवल्या, आणि मंडळी वर जाऊन येईस्तोवर एक तंबू आणि बुटांचा एक जोड कुणीतरी पळवला. राहिलेलं सामान कावळ्यांनी माळभर नीट मांडून ठेवलं होतं. कावळ्याला चेन उघडता येते, हे कंपनीच्या उत्कर्षा मॅडमना कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं. त्यांच्या डब्यातले पराठे त्यांच्यादेखत संपले. मॅडम चिडल्या नाहीत, तेच वाईट होतं. पुन्हा एकदा असं झालं तर ही वाट कंपनीच्या यादीतून काढू, एवढंच त्या म्हणाल्या.

याच वाटेच्या भरवशावर ऋतिकनं बारामतीच्या एमआयडीसीतली नोकरी सोडली होती. तिथं तो आठ तास खोक्यांना चिकटपट्टी लावायचा. वाट गेली की पुन्हा चिकटपट्टी.

त्यानं उपाय केले. कुलपं आणली, पण कुलूपबंद सॅक उचलून न्यायला बिनकुलपाच्या सॅकइतकाच वेळ लागतो. कावळ्यांसाठी प्लास्टिकचं घुबड मागवलं. कावळे त्याच्या डोक्यावर बसून लांबवर बघू लागले. त्यांची मोठी सोय झाली.

शेवटी तो आज्ज्याकडं गेला. तात्याबांनी चाळीस वर्षं मेंढरं राखली होती. परक्या रानात अख्खं बिऱ्हाड टाकून ते दिवसदिवस कळपामागं जायचे आणि परत आले की चमचा न् चमचा जागेवर असायचा. आता मेंढरं नव्हती, दोन एकर ऊस आणि दोन जर्सी गाई होत्या. घोंगडी मात्र तीच होती. तिला न विचारता घरात काही होत नसे.

तात्याबांनी सगळं ऐकून घेतलं आणि कुलपं हातात घेऊन, एखाद्या आजारी माणसाकडं बघावं तसं त्यांच्याकडं बघितलं.

"चोराला सामान दिसलं की त्यो चोर असतो," ते म्हणाले. "माणूस निजलेला दिसला की त्योच वाटसरू हुतो. सामान दाखवायचंच न्हाय. माणूस दाखवायचा."

"आन् कावळं?"

"कावळ्याला आधी जेवाय घालायचं. मग त्यो चोर न्हाय, पाव्हणा हाय. पाव्हणा कधी ट्रंक उघडतो व्हय?"

ऋतिकनं हे मोबाइलमध्ये लिहून घेतलं. त्याच्या मते कंपनीच्या चाळीस पानी नियमावलीत एवढं शहाणपण कुठल्याच पानावर नव्हतं.

शनिवारी सकाळी सात वाजता तात्याबा स्वतः आले. आठ सॅक त्यांनी माणसाच्या लांबीत रचल्या, एक छातीच्या उंचीला, एक जरा कुशीवर वळलेली. वर घोंगडी टाकली. पायांच्या बाजूला आपल्या वहाणा ठेवल्या आणि समोर काठी आडवी घातली. मेंढक्याची आडवी काठी कुणी ओलांडत नाही, ती घरच्यानंच उचलायची, हा त्या भागातला कायदाच. पन्नास पावलांवर सपाट दगडावर दहीभात आणि भाकरी मांडली. सगळं झाल्यावर तिथं इतका हुबेहूब म्हातारा झोपला होता, की उत्कर्षा मॅडम आपोआप हळू आवाजात बोलू लागल्या.

वहाणा तिथं राहिल्यामुळं तात्याबांनी ऋतिकचे जास्तीचे स्पोर्ट्स शूज घातले, उन्हाला त्याची निळी टोपी घेतली आणि दाढी करायला गावात निघून गेले. मंडळी टेकडी चढली. पलीकडं मोबाइलला रेंज नव्हती. चिंकारे सात दिसले, पण ऋतिकला त्यांच्या जागी सॅकच दिसत होत्या, पळत सुटलेल्या.

दीड वाजता खाली उतरताना त्याला बाभळीभोवती गर्दी दिसली. चाळीसेक माणसं. एवढ्या चोरांना आठ सॅक पुरणार कशा, हा पहिला विचार. मग लक्षात आलं, की चोर असे खाली मान घालून बसत नाहीत आणि चोरांच्या बायका तोंडाला पदर लावत नाहीत.

शेजारच्या वस्तीवरची कुशाबाई उठली आणि तिनं त्याला मिठीच मारली.

"लेकरा, आबा गेलं रं. सुखानं गेलं, निजल्या जागी."

सकाळी याच आबांनी दोन भाकरी खाल्लेल्या त्यानं बघितल्या होत्या, तरीही क्षणभर त्याचे डोळे भरून आले. कुशाबाई शेरडं घेऊन साडेनवाला तिथून गेली, तेव्हा भावजी, म्हणजे तात्याबा, निजलेले. साडेअकराला परत आली तरी तसेच. दिवसा पाठ न टेकणारा माणूस! तिनं काठीच्या अलीकडून तीन हाका मारल्या. ओ नाही. गाव गोळा झालं, पण काठी ओलांडायची कुणी? घरचा माणूस टेकडीपलीकडं. म्हणून सगळे बसून राहिले. गावाच्या ग्रुपवर मतदार यादीतला फोटो टाकून श्रद्धांजलीही वाहून झाली. त्यात दगडावरच्या दहीभाताला कावळा शिवला. एरवी दहाव्याला लोक कावळ्याच्या तासन् तास विनवण्या करतात, इथं पहिल्याच दिवशी मागं कुठलीही इच्छा उरली नसल्याचं सिद्ध झालं. केवढा पुण्यवान माणूस, असं सगळ्यांचं मत पडलं.

ऋतिकची नजर गर्दीच्या मागच्या टोकाला गेली. तिथं निळी टोपी घातलेला, गुळगुळीत दाढीचा एक म्हातारा नाक पुसत बसला होता. घोंगडीशिवाय त्याला कुणी ओळखलं नव्हतं.

"आबा, तुमी हितं काय करताय?"

"मातीला आलोय," तात्याबा हळूच म्हणाले. "समदं गाव निघालं, म्हणून एकाच्या गाडीवर बसलो. अशा जागी कोण गेलं म्हणून इचारायचं नसतं. म्हणून गप बसलोय."

चाळीस माना एकदम मागं वळल्या. कुशाबाईनं आधी टोपीकडं बघितलं, मग घोंगडीकडं.

"भावजी, मग घोंगड्याखाली कोण हाय?"

तात्याबांनी उठून काठी उचलली, घोंगडी बाजूला केली. आठ सॅक. उत्कर्षा मॅडमनी एकेक हातानं तपासली. चेन बंद, बंद, बंद. चोच लागल्याची खूण नाही. उलट शेजारी एक नारळ आणि उदबत्तीचा पुडा जास्तीचा निघाला. कुशाबाई म्हणाली, शेरडं चारताना तिला लांबून दिसलं, दहाच्या सुमारास मोटरसायकलवरून दोन अनोळखी पोरं आली होती. त्यांनी बाभळीखाली इकडंतिकडं शोधलं, मग यांना बघितलं आणि पायांतले बूट काढून हात जोडून गेली. उत्कर्षा मॅडम तात्याबांच्या पायाशी वाकल्या, तेव्हा त्या खरं तर ऋतिकच्या बुटांच्या पाया पडल्या, पण भाव पोचला.

"मेल्यावरबी राखण करणारा माणूस पयल्यांदा बघितला," कुशाबाई म्हणाली.

"जास्त कोण रडलं?" तात्याबांनी विचारलं. त्यांना उत्तर नीट ऐकायचं होतं, म्हणून ते खाली बसले.

वाट यादीत राहिली. ऋतिकनं आज्ज्याकडं बघितलं, आणि एमआयडीसीतली सगळी चिकटपट्टी एकदम सुटल्यासारखं त्याला वाटलं. मॅडमनी एकच अट घातली. प्रत्येक ट्रेकला गाव सुतकात बसवणं कंपनीच्या धोरणात बसत नाही, तेव्हा सरकारी कागद हवा. सोमवारी ऋतिकनं अर्ज दिला. त्याचा शेवटचा परिच्छेद असा:

"तरी मा. वनपरिक्षेत्र अधिकारी साहेबांस नम्र विनंती, की माळावर घोंगडी पांघरून निपचित पडलेल्या कोणत्याही ऐवजास सायंकाळी सहापूर्वी मयत समजण्यास नागरिकांना मनाई करणारा आदेश आपल्या स्तरावरून काढण्यात यावा, आणि त्याची एक प्रत परिसरातील कावळ्यांना माहितीसाठी व पुढील कार्यवाहीसाठी, पोच घेऊन, देण्यात यावी."