मागे न घेतलेलं विधेयक

"मागे घे," आरोग्यमंत्री म्हणाले. "दोन शब्द बोल, मी आश्वासन देतो, आणि मागे घे. नेहमीसारखं."

सभागृहाबाहेरच्या कोपऱ्यात दोघे चहाचे कप धरून उभे होते. मंत्र्यांचे सचिव जरा लांब उभे राहून घड्याळाकडे बघत होते.

"या वेळी घ्यायचं नाहीये," कंपाउंडर म्हणाले.

कंपाउंडर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. निवडून येण्याआधी ते एका डॉक्टरांकडे औषधं बांधून देत, म्हणून सगळं सभागृह त्यांना याच नावानं ओळखायचं. लोकांनी त्यांना पुन्हापुन्हा निवडून दिलं आणि पक्षानं पुन्हापुन्हा मागच्याच बाकावर बसवलं. मंत्रिपद सोडाच, एखाद्या समितीचं अध्यक्षपदसुद्धा वाट चुकून कधी त्यांच्याकडे आलं नाही. लग्नाचं वय उलटत चाललेल्या मुलीची चौकशी करावी तसे नातेवाईक विचारत, "मग, यंदा तरी जमतंय का?" बायको परस्पर सांगून टाकायची, "स्थळं रोज येतात, यांनाच पसंत नाहीत."

मंत्र्यांना मात्र कंपाउंडर अजूनही 'वकील'च म्हणत. एके काळी हा वकील त्याच मागच्या बाकावर त्यांच्या शेजारी बसायचा. दोघेही नवे, दोघांनाही कोणी हिंग लावून विचारत नव्हतं. अर्थसंकल्पावरची लांबलचक भाषणं चालली की वकील बोलणाऱ्याचं चित्र काढून हळूच पुढे सरकवायचा, आणि कंपाउंडर हसू दाबण्यासाठी खोकल्याचं सोंग करायचे. जग बदलायला हा एवढा एक बाक पुरेसा आहे असं तेव्हा दोघांनाही मनापासून वाटायचं. फार सुखाचे दिवस होते ते.

त्याच दिवसांत वकिलाची आई सरकारी रुग्णालयात होती. रुग्णाजवळ थांबू देत नसत आणि बाहेर टेकायला जागा नव्हती. दोघा लोकप्रतिनिधींनी येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय चुकवत जिन्यावर मुक्काम ठोकला, आणि विधेयक तिथंच जन्माला आलं. रुग्णासोबत आलेल्यांसाठी प्रत्येक सरकारी रुग्णालयात एक खोली आणि एक संडास हवा, एवढंच त्यात होतं. कलमं वकिलानं लिहिली. "संडास नको, प्रसाधनगृह लिहू," तो म्हणाला होता. "लिही. घाईच्या वेळी माणसांना तोच शब्द आठवतो ना," असं कंपाउंडर म्हणाले, आणि संडासच राहिला.

आई त्या दुखण्यातून उठली नाही. वकील पुढे मंत्र्यांच्या बाकावर गेला आणि विधेयक मागे कंपाउंडरांपाशी राहिलं.

मंत्री नसलेल्या सदस्यांची विधेयकं शुक्रवारी दुपारी येत, तीही चिठ्ठीत नंबर लागला तर. त्या वेळी सभागृहात माणसं कमी आणि जांभया जास्त. रीत ठरलेली होती. सदस्यानं विधेयक मांडायचं, मंत्र्यानं कौतुक करून सरकार विचार करत असल्याचं सांगायचं, मग सदस्यानं आभार मानून ते मागे घ्यायचं. कंपाउंडरांनी ही रीत इमानेइतबारे पाळली. संध्याकाळी घरी आले की बायको विचारायची, "आज काय आणलंत? आश्वासनच ना? ठेवा कुठेतरी, कपाट तर भरलंय."

गेल्या वर्षी ती गेली. तिच्या शेवटच्या आजारात मुलगी त्याच रुग्णालयात, त्याच जिन्यावर बसून होती. आता कंपाउंडर पुढची निवडणूक लढवणार नव्हते. म्हणजे हा शुक्रवार शेवटचा.

"अर्थखात्यानं हात वर केलेत," मंत्री म्हणाले. "तू मागे घेतलं नाहीस तर मला विरोध करावा लागेल. माझ्या आईपायी लिहिलेल्या कलमांना मीच 'नाही' म्हणू?"

"मागे घेतलं की ते हवेत विरून जातं, वकील. कोणी नको म्हटलं असं कधी होतच नाही. एकदा पडू दे. नको असेल तर नको म्हणा तरी."

"आणि आपली इतक्या वर्षांची दोस्ती?"

कंपाउंडरांनी मंत्र्यांच्या कपाकडे पाहिलं. "चहा गार झाला तुझा," ते म्हणाले.

आत सगळं रीतीप्रमाणे झालं. मंत्री छान बोलले, सरकार विचार करत असल्याचं त्यांनी सांगितलं. अध्यक्षांनी पुढच्या विषयाचा कागद उचललासुद्धा होता. "सन्माननीय सदस्य विधेयक मागे घेत आहेत ना?"

"नाही, अध्यक्ष महोदय. मताला टाकावं."

डुलक्या घेणारे दोघेतिघे सावरून बसले. अध्यक्षांनी चष्मा नीट केला. "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं."

"होय," कंपाउंडर म्हणाले. दुसरा आवाज आला नाही. त्यांची कानशिलं तापली.

"प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं."

पुढच्या बाकांवरून 'नाही' उठलं. वर्षानुवर्षं कानाशी ऐकलेला एक आवाज त्यात होता, तो त्यांनी लगेच ओळखला. मोठा नव्हता, पण होता. फार वाईट वाटलं. वाटणार हे माहीत होतं, तरी वाटायचं ते वाटलंच.

कामकाज संपलं, सभागृह रिकामं झालं. कंपाउंडर बसूनच होते. मंत्री दाराकडे न जाता मधल्या पायऱ्या चढून मागे आले आणि शेजारी टेकले.

"रागावलास?"

"नाही. तू नाही म्हणायचंस, मी होय म्हणायचं. आपापलं काम."

"तू गेल्यावर हे कोण मांडणार?"

"तू."

"मी कसा मांडणार? सरकारात आहे मी."

"मंत्रिपद काय जन्माला पुरतं? जाईल कधीतरी. मग इथं येऊन बस आणि मांड."

मंत्री हसायला गेले, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. दारातून सचिव फाइल उंचावून दाखवत होते. मंत्र्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"चौथ्या कलमात पाण्याचा उल्लेखच नाही रे," ते म्हणाले. "खोली आहे, संडास आहे, आणि पाणी राहून गेलं. कसं राहिलं आपल्या हातून?"

"मग घाल की आता," कंपाउंडर म्हणाले, आणि वकिलाला नीट बसता यावं म्हणून जरा पलीकडे सरकले.