थंडीत मुकं झालेलं श्रवणयंत्र

मित्रांनो, शाळेच्या व्हॅनमध्ये मुलांना चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या एका मावशींच्या उजव्या कानामागे मी सात वर्षं राहतो आहे. मी श्रवणयंत्र आहे, काजूगराएवढं, आता जुनं झालेलं. मावशींचा डावा कान पूर्ण गेलेला. उजव्याने त्यांना जे ऐकू येतं ते माझ्यामुळे. "मावशींच्या कानातून काही सुटत नाही," असं ड्रायव्हरकाका म्हणायचे, तेव्हा मला फार बरं वाटायचं.

त्या वर्षी थंडीने कहर केला. सकाळी व्हॅनच्या काचांवर गोठलेलं दव खरवडावं लागे. मावशी गारठ्यातून शाळेच्या उबदार खोलीत जायच्या, पुन्हा बाहेर यायच्या. कानावर लोकरी टोपी, टोपीखाली घाम. माझ्या पोटात ओल धरायची, बारीक नळीत पाण्याचा थेंब अडकायचा आणि मी मध्येच मुका व्हायचो. गारठ्याने सेलही लवकर मान टाकायचे.

मावशींच्या हे लक्षात आलं होतं. घरी मुलीने विचारलंही, "आई, तीन हाका मारल्या. यंत्र बिघडलंय का?"

"काही नाही गं, टोपीमुळे," मावशी म्हणाल्या आणि मला वाळवायला शेगडीजवळ ठेवलं. नळीतला थेंब तसाच राहिला, माझं कवच मात्र वाकडं झालं. ऐकू न येणारी बाई व्हॅनवर कोण ठेवील, या धास्तीने त्यांनी तोंड उघडलं नाही.

मी असा मुका होऊ लागल्याच्या आठव्या दिवशी शाळेच्या फाटकात व्हॅन मागे घ्यायची होती. मावशींनी हात हलवला, "येऊ द्या." पहिलीतली एक मुलगी पडलेला हातमोजा उचलायला पलीकडच्या मागच्या चाकाशी वाकली होती; मावशींना ती दिसली नाही. मावशींच्या पाठीमागून दोन मुली ओरडल्या, "थांबा, मावशी, थांबा!" ते ओरडणं माझ्यापर्यंत आलं आणि नळीतल्या थेंबापाशी अडलं. व्हॅनचा धक्का लागून पोर पडली. तिचं मनगट मोडलं.

सगळे ड्रायव्हरकाकांवर तुटून पडले. काका खाली मान घालून उभे होते. मावशी गप्प राहिल्या असत्या, तर कोणाला काही कळलं नसतं. पण त्यांनी मला कानातून काढून तळहातावर धरलं आणि त्या मुलीच्या आईसमोर गेल्या.

"त्यांचा दोष नाही. हे यंत्र आठ दिवस मधूनमधून बंद पडतंय, मला ठाऊक होतं. नोकरी जाईल म्हणून बोलले नाही."

आई म्हणाली, "सांगितलं असतंत, तर तिथे दुसरं कोणी उभं राहिलं असतं."

मावशींना व्हॅनवरून काढून शाळेच्या ग्रंथालयात फाटकी पुस्तकं चिकटवायच्या कामाला बसवलं. कान तपासणाऱ्या बाईंनी माझी नळी बदलली आणि बजावलं, "विस्तवाजवळ ठेवायचं नाही. काढलं की कोरड्या फडक्याने पुसा, सेलचं झाकण उघडं ठेवून ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या डबीत ठेवा. जादा सेल आतल्या खिशात असू द्या." काम दोन मिनिटांचं होतं.

त्या मुलीचं हाड जुळलं. पण व्हॅन सुरू झाली, की ती अजून भिंतीला चिकटून उभी राहते. मावशी ते ग्रंथालयाच्या खिडकीतून रोज बघतात.

मित्रांनो, थंडीत मला कोरडं ठेवा, ही माझी विनंती आहेच. पण तुमच्या घरी कोणी माझ्यासारखं यंत्र लावत असेल आणि तुमची हाक पोचली नाही, तर चिडू नका, हसू नका. समोर जाऊन विचारा. मी कधीतरी बंद पडणारच. ते कोणाला लपवावं लागू नये, एवढं बघा.