लाल वायर, काळी वायर

चिखलीतल्या त्या मंगल कार्यालयात रविवारी सकाळी साडेनऊलाच खुर्च्या संपल्या. मागे भिंतीला टेकून माणसं उभी होती. बहुतेक प्रेसशॉपमधली, ग्राइंडिंगवरची. वीस-वीस वर्षं मशीनच्या धडधडीत उभं राहून कान गमावलेली. काहींनी कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं होतं, कारण दारातच पाटी होती : ‘यंत्र काढून या, कान घेऊन जा.’

स्टेजवर एक अॅम्प्लिफायर, त्याला झेंडूचा हार. दोन्ही बाजूंना कमरेएवढे स्पीकर. मधे पांढऱ्या झब्ब्यात रंगराव, म्हणजेच नादबाबा. पाच वर्षांपूर्वीपर्यंत हा माणूस लग्नांना मांडव आणि लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा.

“माउली, कान कधी बहिरा नसतो. तार बहिरी असते,” बाबा माइकवर सांगत होते. “ब्रह्मांडातून नाद येतोय, येतोय, आणि बाजारच्या अशुद्ध तांब्यात अडकतोय. आम्ही काय केलं? शुद्ध तांबं घेतलं. एकशे आठ पीळ दिले. पिळागणिक एक मंत्र, मंत्रागणिक एक उपास.”

मग त्यांनी सीडी प्लेअर आणि अॅम्प्लिफायर यांच्यामध्ये एक साधी काळी वायर जोडली. एक बाई गोष्ट वाचत होती, पण आवाज गोधडीखालून यावा तसा. शब्द कळत नव्हते. बाबांनी काळी वायर काढली, लाल रेशमी वेष्टणाची वायर लावली. तीच बाई, तीच गोष्ट. आता अक्षर न् अक्षर स्वच्छ. सभागृहात लोकांनी हात जोडले. पुढच्या रांगेतली एक म्हातारी रडायला लागली.

फरक मलाही ऐकू आला. हे आधीच सांगून टाकते.

मी तिथे गेले होते शेजारच्या सयाजीभाऊंसाठी. मूळचे बीडचे, इथे एका कारखान्यात प्रेस ऑपरेटर. वीस दिवसांपूर्वी, एका सोमवारी, ते झोपेतून उठले तेव्हा त्यांचा डावा कान बंद पडला होता. दुखणं नाही, सर्दी नाही. नुसता बंद, आणि आत अखंड शिट्टी. मी त्याच संध्याकाळी म्हणाले होते, उद्याच्या उद्या पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात कानाच्या डॉक्टरला दाखवा.

“व्हय, सुट्टी बघून जातो,” ते म्हणाले होते.

सुट्टी रविवारी मिळाली आणि शिफ्टमधल्या एकाने त्यांना इथे आणलं. माझी सेकंड शिफ्ट चालू होती. मला वाटत राहिलं, औषध चालू असेल. दोन दिवसांपूर्वी त्यांची बायको कुसुमताई जिन्यात भेटली तेव्हा खरं कळलं.

“बाबा म्हणाले, ही शिट्टी म्हणजे रोग न्हाई,” ती सांगत होती. “अनाहत नाद हाय. लोक हिमालयात जातात तरी त्यांना ऐकू येत नाही. एकवीस दिवस गळ्यात तार घालायची. औषध घेतलं की नाद तुटतो.”

सयाजीभाऊंच्या गळ्यात तांब्याची वेणी होती. पंचवीस वर्षं कोणी नाव घेऊन कौतुक केलं नव्हतं त्या माणसाला बाबांनी भर सभेत ‘साधक’ म्हटलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर त्याचा उजेड अजून होता. म्हणून मी वाद घातला नाही. म्हटलं, मीही येते तुमच्याबरोबर.

बाबांचा एक शिष्य दर्शनासाठी तबकात लाल वायर घेऊन रांगांमधून फिरू लागला. लोक ती डोळ्यांना लावत होते. माझ्यापाशी आली आणि माझा हात तिथेच थांबला.

मी चाकणला, गाड्यांची वायरिंग बनवणाऱ्या कंपनीत तपासणीवर आहे. घरी हौस म्हणून म्युझिक सिस्टिमच्या वायरी बनवते : तांब्याची तार, दोन टोकांना पिना, वरून कापडी वेष्टण. पहिली आमच्या पप्पांच्या जुन्या अॅम्प्लिफायरसाठी बनवली, मग ओळखीतले मागू लागले. पिनेपाशी मी निळी नळी चढवते आणि डाव्या-उजव्याची खूण म्हणून तिच्यावर सुईने रेघा ओढते. तबकातल्या वायरीवर त्या रेघा होत्या. दिवाळीआधी एकाने माझी मोबाइलवरची जाहिरात बघून दुकानासाठी म्हणून फोनवरून चाळीस वायरी मागवल्या होत्या, लाल वेष्टणाच्या. मंत्र आणि उपास तर राहोच, त्यातल्या बऱ्याच मी भजी खात खात जोडल्या होत्या.

पण मग फरक? फरक तर मी स्वतः ऐकला होता. लाल वायरीत तांबं आणि कथील यांच्यापलीकडे काही नाही, हे जगात माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. लाल वायर साधी असेल, तर जी साधी म्हणून दाखवताहेत तीच साधी नसणार.

मी उभी राहिले. “बाबा, ही वायर मी बनवलेली आहे.”

बाबा हसले. “बाई, गवंडी देऊळ बांधतो म्हणून देव गवंड्याचा होतो का?”

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“मग एक करा,” मी म्हणाले. “काळी वायर बदला. दुसरी कुठलीही साधी वायर लावून दाखवा.”

बाबांनी शिष्याकडून मोबाइल घेतला, त्यावर एक जाहिरात काढली आणि माइकवर वाचलं : “‘माझ्या वायरीने आवाज मोकळा होतो. फरक पहिल्या मिनिटात जाणवेल.’ हे कोणी लिहिलंय? फोन नंबर तुमचाच आहे ना?”

दोनशे माणसं माझ्याकडे वळली. कुसुमताईने माझी ओढणी खाली ओढली.

ते मीच लिहिलं होतं.

“मीच लिहिलं,” मी म्हणाले. “वायरी खपाव्यात म्हणून लिहिलं. ते खोटं आहे. धड जोडलेली कुठलीही वायर घरात सारखीच वाजते. लिहितानासुद्धा मला ते माहीत होतं.”

त्यानंतर हसायला कोणी धजलं नाही. मागून एक म्हातारा कामगार म्हणाला, “लावू द्या की राव. साधी वायरच लावायचीय.”

कार्यालयाचा माइक सांभाळणारा खंडू कोपऱ्यात बसला होता. त्याने पेटीतून एक मळकी वायर काढली. शिष्य आडवा आला तसा खंडू म्हणाला, “हॉल आमचा हाय,” आणि थेट जाऊन ती जोडली.

बाईचा आवाज स्वच्छ आला. अक्षर न् अक्षर.

खंडूने पुन्हा बाबांची काळी वायर लावली. गोधडी. पुन्हा मळकी लावली. स्वच्छ.

मी काळ्या वायरीच्या पिनेचं टोपण फिरवून उघडलं. आत तुरीच्या डाळीएवढा एक कपॅसिटर झाळून बसवला होता आणि बाजूला एक बारीक रेझिस्टर. स, श, च, फ या अक्षरांची धार आवाजाच्या वरच्या पट्टीत असते. हे दोन तुकडे तेवढीच पट्टी खाऊन टाकतात. उरते ती नुसती घरघर. लाल वायर आवाज सुधारत नव्हती. काळी वायर तो बिघडवत होती. लाउडस्पीकरच्या धंद्यात आयुष्य काढलेल्या माणसाला हे जमायला अवघड नव्हतं.

मी ते उघडं टोक पुढच्या रांगेत हातोहात फिरवलं. तेवढ्यात सयाजीभाऊ उठून माझ्यापाशी आले.

“पण ताई, मला तर ऐकू आलं. पहिल्याच दिवशी.”

“उजव्या कानाने आलं असेल, भाऊ.”

त्यांनी खुर्ची ओढली, डावा कान स्पीकरकडे करून बसले आणि म्हणाले, “दाबा हा उजवा.”

मी त्यांचा उजवा कान बोटाने बंद केला, वरून तळहात घट्ट दाबला. खंडूने लाल वायर लावली, आवाज फार न वाढवता. बाई बोलत होती. सभागृहात सगळ्यांना ऐकू येत होती. सयाजीभाऊ माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, “लावलं का?”

कुसुमताई जिथे होती तिथेच खाली बसली. बाबा स्टेजवर नव्हते. मागच्या दाराने कधी गेले ते कोणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि दोघांना दवाखान्यात नेलं. कान तपासून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “किती दिवस झाले?”

“एकवीस,” कुसुमताई म्हणाली.

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, असा अचानक गेलेला कान पहिल्या काही दिवसांत औषध मिळालं तर बऱ्याच जणांचा परत येतो, सगळ्यांचा नाही. दोन आठवडे उलटले की आशा उतरत जाते. तरी आपण प्रयत्न करू. गोळ्या दिल्या, कानाच्या पडद्यातून आत इंजेक्शनं दिली. कान आला नाही. लवकर गेलो असतो तर आला असता का, हे कोणीच छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. कुसुमताईला नेमकं तेच सोसत नाही.

सयाजीभाऊंना आता प्रेसवरून काढून पॅकिंगला टाकलंय, कारण डावीकडून येणाऱ्या फोर्कलिफ्टचा हॉर्न त्यांना कळत नाही. शिट्टी मात्र चालूच आहे. तिला आता ते नाद म्हणत नाहीत, काहीच म्हणत नाहीत.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली. त्या दिवशी सभागृहात दोनशे माणसं होती. सही करायला अकरा आली. बाकीच्यांना आपण फसलो हे कागदावर लिहून द्यायचं नव्हतं. मला त्यांचा राग येत नाही. जाहिरातीतलं माझं ते खोटं पुसायला मलाही त्या सभागृहात उभं राहावं लागलं.

म्हणून हे लिहिलं. कान अचानक बंद झाला तर सुट्टीची वाट बघू नका, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा. औषध बंद करायला सांगणाऱ्याच्या सभेतून तिथल्या तिथे उठा. आणि कोणी चांगलं-वाईट शेजारी ठेवून चमत्कार दाखवू लागला, तर चांगल्यापुढे हात जोडण्याआधी त्यातलं वाईट उघडून बघा.