कापसातलं विमान

हे घडलं १९८३ साली. ह्यांना जाऊन आठ महिने झाले होते आणि त्यांची अकरा विमानं तांत्रिक शाळेला पोचवायची होती.

हे कारखान्यात नकाशे काढायचे आणि घरी मागच्या खोलीत बसून लाकडाची विमानं करायचे. हातभर लांबीची, खऱ्याच्या मापावरून बेतलेली. तीस वर्षं मी ती नुसती पाहिली. धूळ बसली तर म्हणायचे, "लांबून फुंकर मार." जाताना मात्र मलाच सांगितलं, "शाळेला दे. मोडू नकोस." दुसरं काही मागितलं नाही त्यांनी.

धाकटे दीर एका सुताराला घेऊन आले. तो पेटीतल्या स्पंजमध्ये विमानाच्या पोटाएवढी खाच कापायचा, विमान तिच्यात बसवायचा आणि पोटावरून रुंद फीत आवळायचा. पंख, शेपूट, चाकं, सगळं मोकळं.

"अहो, हे तर अधांतरीच राहिलं!"

"राहू द्या, बाई," सुतार म्हणाला. "जिथं ताकद आहे तिथंच धरायचं. नाजूक जागेला काही टेकलं की ती गेलीच."

दीर हसले. "वहिनी, दादालाही असंच सैल सोडलं असतं तर जरा कमी चिडला असता."

"धरायला तुमचे दादा त्या खोलीतून बाहेर यायला हवे होते, भाऊजी."

दहा पेट्या झाल्या. अकरावं विमान पिवळं, एकावर एक दोन पंखांचं, मधे ताणलेले दोरे. लग्नाच्या वर्षी केलेलं. तेवढं एकदाच ह्यांनी मला शेजारी बसवून दोरा धरायला दिला होता. ते काही मला फितीवर सोडवेना. सुतार जेवायला गेला तशी मी उशी उसवली, फटीफटीत कापूस ठासला आणि तान्ह्या बाळासारखं गुंडाळून पेटीत ठेवलं. टेम्पोत ती पेटी मांडीवरून खाली ठेवली नाही.

शाळेतल्या मास्तरांनी दहा पेट्या उघडल्या. दहाही विमानं जशीच्या तशी. अकराव्या पेटीतला कापूस मात्र दोऱ्यांत, चाकांत, प्रोपेलरमध्ये अडकून बसला होता. मी हलक्या हाताने एक झुपका ओढला, त्याच्याबरोबर चाक आलं. पुढच्याला दोरा तुटला आणि वरचा पंख कलंडला. ह्यांचं एकच मागणं, तेही माझ्याच हातांनी मोडलं.

"आमची मुलं जोडतील," मास्तर म्हणाले.

"नको. हे मी परत नेते."

टेम्पोत दीर हळूच म्हणाले, "वहिनी, मुद्दाम नाही ना मोडलंत?"

मुद्दाम नव्हतं. पण मांडीवरची पेटी घरी परत येत होती आणि मला वाटायला हवं होतं तेवढं वाईट वाटत नव्हतं, हेही खरं.

सुताराने पुढे शवपेट्या करायला घेतल्या, तब्येतीने करायचा म्हणे. मास्तर निवृत्त होऊन बहिणीकडे राहायला गेले. दीर गेले त्यालाही आता बारा वर्षं झाली. चेष्टा करणारं माणूस त्यांच्यानंतर घरात उरलं नाही. शाळेतली दहा विमानं काचेच्या कपाटात आहेत, तिथं कोणी हात लावत नाही.

पिवळं माझ्या खिडकीत असतं. वरचा पंख मीच चिकटवला, जरा तिरका बसलाय. चाक बशीत पडून आहे. रोज सकाळी मी विमान उचलून पुसते. पोटाला धरून.